शाळेतल्या वजनकाट्याची तगमग

माझ्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला एकच दटावणी मिळते, "हलू नको, नीट उभा राहा." आणि गंमत बघा मित्रांनो, ज्याच्यासाठी ही दटावणी, तो मी स्वतः जन्मात कधी स्वस्थ बसलेलो नाही. मी आहे शाळेतला जुना वजनकाटा. खाली बिडाचा जड पाया, त्यावर उभं राहायला पाट, मागून वर गेलेला खांब आणि खांबाच्या टोकाला भाकरीएवढं गोल तोंड. तोंडावर आकडे आणि त्यावरून फिरणारा लाल काटा. व्हरांड्यातून पोरं धावली की तो थरथरतो. घंटा वाजली की थरथरतो. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला तर विचारूच नका. ज्याच्या पोटात स्प्रिंग घातलेली, त्याला निवांतपणा कुठून मिळायचा!

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी जुळणी केली फक्रुद्दीन मिस्त्रींनी. माणूस तापट, पण हात सोन्याचा. काटा शून्यावर टेकेना तसं त्यांनी मला पुन्हा पुन्हा उघडलं, पुन्हा पुन्हा बंद केलं, मधे दोन वेळा चहा प्यायला गेले आणि मला शिव्या घालतच परत आले. शेवटी काटा टेकला, तेव्हा माझ्या तोंडावर टिचकी मारून म्हणाले, "बघ बाबा, तू खोटं बोललास तर नाव माझं जाईल." तो धाक अजून माझ्या अंगात आहे.

मुरगूडजवळच्या एका गावातल्या हायस्कूलला माजी विद्यार्थ्यांनी मला भेट दिलं. काय दिवस होते ते! वर्षातून एकदा डॉक्टर आणि नर्सबाई यायच्या. कुणाचे दात बघ, कुणाचे डोळे तपास, जंताच्या गोळ्या वाट, आणि या सगळ्या जत्रेच्या मधोमध मी. हे कोल्हापूर पडलं, त्यामुळे त्या काळी प्रत्येकाला माझ्याकडून जास्तच आकडा हवा असायचा. पैलवान व्हायची स्वप्नं बघणारी काडीपैलवान पोरं खिशात दगड भरून यायची. नर्सबाई खिसे उलटे करायला लावायच्या आणि सगळी रांग खो खो हसायची. खंडेनवमीला लेझमीबरोबर माझीही पूजा व्हायची, झेंडूची माळ माझ्या गळ्यात पडायची. मी थोडा शेफारलो होतो, नाही असं नाही.

मग तपासणीच्या गाडीतून एक चपटा, काचेचा काटा उतरला. बॅटरीवर चालणारा. पोरानं पाय ठेवला की आकडा लखकन उजळायचा. मला उचलून अडगळीच्या खोलीत ठेवलं गेलं, फाटक्या ढोलाच्या आणि मोडक्या बाकांच्या संगतीत. कोळ्यानं माझ्या तोंडावर जाळं विणलं. त्या अंधारातही बाहेर पोरं धावली की माझा काटा थरथरायचा. माझ्यावाचून शाळेचं काही अडत नव्हतं, हे मला फार लागलं.

मला बाहेर काढलं सबिना मॅडमनी. या मॅडम समुपदेशक. पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायचं आणि त्यांना वाट दाखवायची, हे त्यांचं काम. रोज एसटीनं कोल्हापूरहून यायच्या. प्रयोगशाळेशेजारची खोली त्यांना मिळाली होती. पण गावानं त्यांचं नाव पाडलं 'डोक्याच्या मॅडम', आणि त्या खोलीत जो जाईल तो खुळा, असं ठरून गेलं. मग कोण जातंय? मॅडम दार उघडं टाकून बसायच्या आणि पोरं त्या दारासमोरून जाताना वेग वाढवायची. एक दिवस त्या खुर्ची शोधायला अडगळीत आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. "अरे, हा तर चांगला हाय की!" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी एवढंच सांगितलं, "ज्याला वजन बघायचंय, त्यानं माझ्या खोलीत यावं."

झालं! मधल्या सुट्टीत दाराशी झुंबड. 'कुठं गेलतास?' असं कुणी विचारलं तर 'वजन करायला गेलतो' हे उत्तर तयार. त्यात खुळं ठरायचं काहीच नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली मित्रांनो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून जे बोलवत नाही, ते माझ्या गोल तोंडाकडे बघत बोलता येतं. पोरं माझ्यावर उभी राहायची, काट्याकडे बघायची आणि मागे बसलेल्या मॅडमना हळूच सांगायची. एकाच्या पोटात गणिताच्या तासाआधी कळ यायची. एकाला घरातल्या भांडणांनी झोप लागत नव्हती. मॅडम ऐकायच्या. मी काटा धरून उभा असायचो. पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

तशात अनुजा यायला लागली.

अनुजा नववीतली. वडील जोतीराम, ती त्यांना आबा म्हणायची; घरी म्हशी, डेअरीला दूध घालणारं कुटुंब. आमच्या भागात आता पोरीही लाल मातीत उतरतात, आणि अनुजा तर शाळेची शान होती. शाळेत कुस्ती शिकवायचे बाळासो सर. मनानं चांगले, आवाज मात्र दोन गल्ल्यांत ऐकू जाईल असा. जिल्ह्याच्या स्पर्धेला तिच्या वजनगटात आजऱ्याची एक दांडगी पोरगी होती. सर म्हणाले, "अनुजा, एक गट खाली उतर. मेडल आपलंच हाय." मग रोज तालमीआधी मला व्हरांड्यात ओढून, कुस्तीच्या सगळ्या पोरींना रांगेत उभं करून ते माझ्यावर चढवायचे आणि आकडा मोठ्यानं पुकारायचे. तिचा आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. एखाद्याच्या वजनाची जाहीर चर्चा करायची नसते, एवढी अक्कल मला आता आली आहे.

अनुजा भर उन्हात रेनकोट घालून पळाली. भाकरी अर्ध्यावर आणली, मग पाव, मग नुसतं ताक. वजन उतरलं आणि मेडलही आलं. गावात हलगी वाजली. मला वाटलं, चला, सुटली बिचारी. आता पोटभर जेवेल.

पण तिचं येणं थांबलं नाही. उलट वाढलं. शाळा भरायच्या आधी ती यायची, लघवीच्या सुट्टीत यायची, शाळा सुटल्यावर यायची. चढायची, बघायची, उतरायची, दारापर्यंत जायची आणि पुन्हा वळून यायची. चपला काढून बघायची, हातातलं कडं काढून बघायची. माझा जीव कासावीस व्हायचा. तिच्या पायांचे तळवे बर्फासारखे गार असायचे आणि माझा काटा काही केल्या ठरायचा नाही. तिला वाटे, मी बिघडलोय. मी बिघडलो नव्हतो. ती उभ्या उभ्या कापत होती.

मॅडमनी हे ओळखलं. एका दुपारी त्यांनी दार लोटून घेतलं.

"अनुजा, डबा खाल्लास?"

"खाल्लाय की मॅडम."

"भाजी कसली होती?"

अनुजा माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हशीला घातला," ती म्हणाली. "सकाळचाबी घातला. मॅडम, मला थांबताच येत न्हाय. सगळी म्हणत्यात, आता खा. मलाबी वाटतं खावं. पण घास तोंडाजवळ आला की ह्येचा काटा दिसतो. रात्रीबी दिसतो."

मित्रांनो, माझं तोंड त्या लेकराच्या ताटात जाऊन बसलं होतं आणि मला ते तिथून काढून घेता येत नव्हतं.

"आबांना सांगू का मी?" मॅडमनी विचारलं.

"नको. खुळी म्हणतील मला."

"खुळी न्हाईस तू बाळ. आजारी हाईस. आणि हा आजार बरा होतो. पण एकटीनं न्हाय होत." मॅडम तिच्यापुढे खाली बसल्या. त्यांनी घाई केली नाही. शेवटी अनुजानं मान हलवली, तेव्हाच त्यांनी निरोप धाडला.

जोतीराम दुसऱ्या दिवशी आले. दुधाच्या किटल्या मोटारसायकलला तशाच लटकलेल्या. मॅडमनी सगळं सांगितलं, दवाखान्यात नेऊया म्हणाल्या, कोल्हापुरात मनाचे डॉक्टर आहेत, त्यांनाही दाखवूया म्हणाल्या. तो शब्द ऐकला मात्र, जोतीराम ताडकन उठले.

"म्हंजे माझी पोरगी येडी हाय व्हय? मॅडम, जिल्ह्यात पैली आलीया ती! पैलवानाला तोंड आवळावंच लागतं. तुमी शहरातली माणसं, तुमास्नी काय कळायचं त्यातलं?"

"मीही कोल्हापूरचीच हाय, दादा. कुस्ती बघतच वाढलीया. स्पर्धा झाल्यावर पैलवान हाणून जेवतो. ही का जेवत न्हाय, तेवढं बघा."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. किटल्या खणखणवत ते निघून गेले.

आणि त्यातच गावानं घोळ घातला. कौतुकानं घातला, हेच तर दुखणं. सरपंच आकाराम आण्णांनी जाहीर केलं, पोरीनं गावाचं नाव काढलं, तेव्हा तिची गूळतुला करायची. तिच्या भारंभार गूळ जोखायचा आणि तो घरोघर वाटायचा. आमच्याकडे हा मोठा मान. गुऱ्हाळवाल्यांनी ढेपा देऊ केल्या. एवढा मोठा तराजू काही मिळेना, तेव्हा आण्णांनीच तोड काढली. शाळेचा काटा आणायचा, त्यावर आधी पोरीला उभी करायची, आकडा स्पीकरवरून पुकारायचा, मग तेवढा गूळ मोजायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. जिला आकड्यानं पछाडलंय, तिचा आकडा आख्ख्या गावापुढे पुकारायचा! मॅडम बाळासो सरांकडे गेल्या, मुख्याध्यापकांकडे गेल्या. "मॅडम, सत्कार हाय हा, शिक्षा न्हाय," सर म्हणाले. मंडप ठरला होता, फलक लागला होता.

त्या आठवड्यात अनुजानं पाणीसुद्धा सोडलं. वर्गात चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली ती आधी माझ्याकडेच आली, खांबाला धरून चढली. मला त्या वेळी मोडून पडावंसं वाटलं. एखादा नट तरी सुटावा, स्प्रिंग तरी तुटावी! पण फक्रुद्दीन मिस्त्रींनी मला असं घट्ट बांधलं होतं की काही निसटलं नाही.

रविवारी सकाळी मला ट्रॉलीत घालून मंडपात नेलं. माझ्या गळ्यात पुन्हा झेंडूची माळ. शेजारी गुळाच्या ढेपा रचलेल्या, त्यावर माशा घोंघावत होत्या. सुट्टी असूनही सबिना मॅडम पहिल्या एसटीनं आल्या होत्या आणि बायकांच्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. हलगी सुरू झाली. अनुजा नव्या जर्सीत आली, गळ्यात मेडल. तिच्या बाजूला फेटा बांधलेले जोतीराम, छाती पुढे काढून.

ती माझ्यावर चढली. आण्णा माईक घेऊन माझ्या तोंडाशी वाकले. काटा थरथरत होता. या आकड्यावरून त्या आकड्यावर, पुन्हा मागं.

"पोरी, हलू नको गं. आकडा दिसंना," आण्णा माईकवरून म्हणाले. मंडपात हशा पिकला.

"अनुजा, नीट उभी ऱ्हा की," जोतीराम पुटपुटले.

"मी हलत न्हाय, आबा," ती म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की माईकनंही तो टिपला नाही. जोतीरामनी तिला सरळ करायला पाठीवर हात ठेवला. तो हात तिथंच थबकला. जर्सीच्या खाली त्यांना काय लागलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण ते मी रोज माझ्या पाटावर तोलत होतो. त्यांनी तिचं तोंड बघितलं. मग रांगेत बसलेल्या मॅडमकडे बघितलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या.

मित्रांनो, तो माणूस आता काय करणार होता? भर मंडपात 'माझी पोरगी आजारी आहे' असं सांगितलं असतं तर गावानं तिला त्याच दिवशी खुळी ठरवून टाकली असती. 'गूळतुला नको' म्हटलं असतं तर सतरा जणांनी सतरा प्रश्न विचारले असते. जोतीरामनी अनुजाला काखेत धरून लहान मुलीसारखं खाली उतरवलं आणि धाडकन स्वतः माझ्यावर चढले. माझा काटा असा उसळला म्हणता!

"आण्णा, गूळतुला माझी करा," ते गरजले. "पोरगी कुणी घडवली? मी घडवली! पैला मान बापाचा!"

मग जो हशा फुटला, तो विचारू नका. "आरं जोत्या, लाज हाय का न्हाय? पोरीचा मान खातोस व्हय?" कुणी ओरडलं. "गूळ पुरायचा न्हाय ह्याला, आख्खं गुऱ्हाळ आणा!" दुसऱ्यानं भर घातली. आण्णा रागावले, पण लोक हसतायत म्हटल्यावर तेही हसले आणि त्यांनी आकडा पुकारला. जोतीराम तोंड हसरं ठेवून, डोळे गच्च मिटून माझ्यावर उभे होते. तेवढ्या गोंधळात सबिना मॅडम अनुजाला हात धरून मंडपाबाहेर घेऊन गेल्या. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

त्याच दिवशी बाप-लेक मॅडमबरोबर दवाखान्यात गेले. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेही गेले. कोल्हापूरला निघताना जोतीराम शाळेत आले होते. फेटा नव्हता, किटल्या नव्हत्या. "मॅडम, काय करायचं त्ये सांगा. मी करतो," एवढंच बोलले. गावात मात्र त्यांचं नाव खराब झालं ते झालंच. पोरीच्या सत्काराला स्वतःच चढून बसलेला आपमतलबी बाप म्हणून पारावर अजून त्यांची टिंगल होते. खरं काय ते सांगून त्यांना एका दमात सुटता आलं असतं. ते सांगत नाहीत. "गूळ ग्वाड लागला की न्हाय तुमास्नी? मग झालं!" म्हणतात आणि डेअरीकडे जातात.

बाळासो सर एकदा मधल्या सुट्टीत आले. म्हणाले, "मॅडम, मी मेडलकडंच बघत ऱ्हायलो." त्यानंतर रांग लावून वजन करणं बंद झालं, आकडे पुकारणं बंद झालं. अनुजाची कुस्तीही सध्या बंद आहे. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच ती मातीत उतरेल. हा आजार लवकर पाठ सोडत नाही. एखादा दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी डबा तसाच घरी जातो, आणि मग माझी तगमग पुन्हा सुरू होते.

आता डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच तिचं वजन होतं, आणि तेही वेगळ्या तऱ्हेनं. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तिला समोर खिडकी दिसते, खिडकीबाहेर मैदान आणि खो-खो खेळणाऱ्या पोरी दिसतात. आकडा फक्त मॅडम बघतात आणि तो न सांगता म्हणतात, "झालं, उतर." सुरुवातीला ती उतरल्या उतरल्या विचारायची, "किती?" मॅडम म्हणायच्या, "ते डॉक्टरांचं काम. तू मला सकाळी काय खाल्लंस ते सांग." ती हिरमुसायची. कधी रागावून पाय आपटत जायची. माझ्याकडे लोकांनी बघावं म्हणूनच मला घडवलं, मित्रांनो. कुणी माझ्याकडे पाठ फिरवावी आणि मला त्याचंच बरं वाटावं, असं होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो. म्हणजे मला हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. माझ्यावर जरूर चढा, पण माझा आकडा पदरात बांधून घरी नेऊ नका. दुसऱ्याचा आकडा वाचून त्याला चिडवू नका. तुमच्या शाळेत अशी एखादी खोली असेल आणि कुणी तिथं जात असेल, तर त्याला खुळा म्हणू नका. आणि तुमच्याच पोटात काही अडकलं असेल, तर 'वजन करायला जातो' असं सांगून खुशाल जा. त्या थापेचा मला राग नाही.

परवा अनुजा आली. पाठ करून उभी राहिली. मैदानात कुणी तरी पडलं, ते बघून खुदकन हसली. मॅडम म्हणाल्या, "झालं, उतर." ती उतरली, वाकून चपला घातल्या. मी वाट बघत होतो, आता विचारेल, आता विचारेल. तिनं वेणी मागं टाकली आणि दप्तरातला डबा बाहेर काढला.

"मॅडम," ती म्हणाली, "भूक लागलीया मला. हितंच बसून खाऊ?"